गाडी न घेता पुण्यात राहायचं तर

आमच्या घरी चारचाकी नाही आणि घ्यायचा विचारही नाही. मी, नवरा, कॉलेजात जाणारी मुलगी आणि सासूबाई असे चौघं कोथरूडला मयूर कॉलनीत राहतो. मी आप्पा बळवंत चौकाजवळ एका प्रकाशकाकडे मुद्रितं तपासते, नवरा पिंपरीला कामाला जातो, मुलीचं कॉलेज डेक्कनच्या बाजूला आहे. सोसायटीत नवीन कोणी राहायला आलं की आमची पार्किंगची मोकळी जागा भाड्याने मिळेल का असं विचारतं, आणि पाठोपाठ दुसरा प्रश्न येतो, "तुमचं गाडीवाचून जमतं कसं?" ज्यांना खरंच जमवायचं आहे त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहिते आहे.

आधी फेऱ्या मांडा, मग सायकल बघा

बहुतेक जण आधी दुकानात जातात, एकवीस गिअरची सायकल आणतात, पहिल्या रविवारी खडकवासल्याला जाऊन येतात आणि महिन्याभरात ती जिन्याखाली जाऊन बसते. तसं करू नका. एक वही घ्या आणि आठवडाभर घरातल्या प्रत्येकाची प्रत्येक फेरी लिहून काढा: कुठून कुठे, अंदाजे किती किलोमीटर, किती वाजता, हातात सामान किती. दूध आणि वाण्याकडची फेरीसुद्धा सोडू नका.

वही भरली की चित्र स्पष्ट होतं. शहरात राहणाऱ्या माणसाच्या बहुतेक फेऱ्या सहा-सात किलोमीटरच्या आतल्या असतात. एक किलोमीटरच्या आत असेल तिथे पायी. त्यापुढे सात किलोमीटरपर्यंत सायकल. शहरातल्या सिग्नलांसकट ताशी बारा-पंधरा किलोमीटर सहज पडतं, म्हणजे फार तर अर्ध्या तासाच्या आसपास. त्याहून लांब असेल तर मेट्रो किंवा बस, आणि तिथपर्यंत सायकल. म्हातारं माणूस, आजारी माणूस, जड बॅगा, रात्रीचं विमानतळ यांना रिक्षा किंवा टॅक्सी. गाडी घेताना लोकांच्या डोळ्यांसमोर हा शेवटचा गट असतो. लग्न, विमानतळ, गावी जाणं. वर्षातून मोजक्या वेळा लागणाऱ्या या फेऱ्यांसाठी गाडी येते आणि मग तिला रोज रस्त्यावर जागा शोधावी लागते.

हिशोब एकदा स्वच्छ करून टाका. आठ लाखांचं कर्ज नऊ टक्क्यांनी सात वर्षांसाठी घेतलं तर महिन्याचा हप्ता जवळपास १२,९०० रुपये होतो. पेट्रोल, विमा, सर्व्हिसिंग वेगळं. पुण्यात रिक्षाचं मीटर २०२२ च्या सप्टेंबरात पहिल्या दीड किलोमीटरला २५ रुपये आणि पुढे दर किलोमीटरला १७ रुपये असं झालं. त्या दराने तीन किलोमीटरची फेरी एक्कावन्न रुपयांच्या आत बसते. नुसत्या हप्त्याच्या पैशांत अशा अडीचशे फेऱ्या होतात. महिन्याला अडीचशे वेळा रिक्षात बसणारं घर माझ्या पाहण्यात नाही. हे आकडे समोर ठेवले की रिक्षाला हात करताना जीव खाली-वर होत नाही. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण सायकलवर राहणारी माणसं पुष्कळदा रिक्षाचे पैसे वाचवायला जातात, भर पावसात किंवा अंगात ताप असताना पेडल मारतात आणि मग सायकलच सोडून देतात.

रस्ता निवडणं हेच खरं काम

पायात ताकद किती, हा प्रश्न पुण्यात दुय्यम आहे. कुठून जायचं हे ज्याला कळलं त्याला सायकल जमली. गाडीवाला ज्या रस्त्याने जातो तो रस्ता सायकलवाल्याने डोक्यातून काढून टाकायचा.

माझंच उदाहरण घेते. मयूर कॉलनीतून डेक्कनला जायचा सरळ रस्ता म्हणजे कर्वे रस्ता. सकाळी साडेनऊला तिथे बस, रिक्षा, शाळेच्या व्हॅन आणि नळ स्टॉपच्या उड्डाणपुलाकडे वळणाऱ्या गाड्या एकमेकींत घुसलेल्या असतात. मी तिथे जात नाही. कॉलनीतल्या आतल्या गल्ल्यांतून शक्य तितकं पुढे यायचं, मोठ्या रस्त्यावर गरजेपुरतं राहायचं, लॉ कॉलेज रस्ता ओलांडून प्रभात रस्त्याच्या गल्ल्यांत शिरायचं. या गल्ल्यांना क्रमांक आहेत, झाडं मोठी आहेत, मे महिन्यातही डोक्यावर सावली असते आणि गाड्या हळू चालतात. तिथून डेक्कन, मग झेड पूल. हा पूल दुचाकींसाठीच असल्याने मागून बस येण्याची भीती नाही. पलीकडे उतरलं की नारायण पेठ आणि दोन-चार मिनिटांत आप्पा बळवंत चौक. कर्वे रस्त्याच्या मानाने अंतर थोडं वाढतं. वेळ जवळपास तेवढाच लागतो, कारण सिग्नल कमी लागतात.

तुमचा असा रस्ता तुम्हालाच शोधावा लागेल, आणि तो रविवारी सकाळी सातला शोधा. रस्ते मोकळे असतात, चुकलं तर मागे वळता येतं, कुठे चढ आहे, कुठल्या गल्लीला पुढे भिंत आहे, कुठे कुत्री अंगावर येतात, सगळं समजतं. मग तोच रस्ता एकदा कामाच्या दिवशी, कामाच्या वेळेला करून बघा. सोमवारी पहिल्यांदाच निघालात तर घाईत मुख्य रस्ताच धराल.

चढ-उताराचा अंदाज ठेवा. पुणं नदीकडे उतरतं. कोथरूडहून डेक्कनला जाताना उतार, येताना पौड फाट्यापासून सलग चढ. स्वारगेटहून कात्रजकडे जाल तर सगळा चढच. सकाळी उतार आणि संध्याकाळी चढ असेल तर उत्तम. ऑफिसात घामाघूम होऊन पोचायची वेळ येत नाही आणि घरी येऊन अंघोळ करता येते. उलटं असेल तर वीस मिनिटं आधी निघा आणि चढावर खुशाल उतरून सायकल हातात धरून चाला.

पेठांमध्ये एकेरी रस्ते पाठ करून टाका. शिवाजी रस्ता स्वारगेटकडून शनिवारवाड्याकडे जातो, बाजीराव रस्ता शनिवारवाड्याकडून स्वारगेटकडे. मंडईतून आप्पा बळवंत चौकात यायचं तर शिवाजी रस्त्याने, परत जाताना बाजीराव रस्त्याने. सायकलीलाही एकेरीचा नियम लागू आहे. उलट दिशेला पन्नास पावलं जायचं असेल तर उतरा आणि फुटपाथवरून सायकल ढकलत न्या. हातात सायकल धरलेला माणूस पादचारीच असतो. समोरून येणाऱ्या पीएमटी बसच्या ड्रायव्हरला तुम्ही दिसाल या भरवशावर कधीही राहू नका. (आता ती पीएमपी आहे, २००७ साली पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन्ही शहरांच्या बससेवा एकत्र झाल्या. पण आमच्या तोंडी पीएमटीच.)

भिडे पूल आणि नदीपात्रातला रस्ता सायकलला छान आहेत, मात्र खडकवासल्यातून पाणी सोडलं की ते आधी बंद होतात. जुलै-ऑगस्टमध्ये त्यांच्यावर अवलंबून दिवस आखू नका.

सायकल कोणती

रोजच्या कामाला सायकल साधी असावी. मला तीन गोष्टी लागतात: मडगार्ड, कॅरिअर आणि स्टॅण्ड. दुकानात चकाचक उभ्या असलेल्या पुष्कळ सायकलींना यातलं काहीच नसतं. विचारलं तर "मॅडम, लुक जातो" असं उत्तर मिळतं. आग्रह धरा, बसवून मागा. मडगार्ड नसेल तर पावसाळ्यात चिखलाची रेघ पाठीवरून मानेपर्यंत येते.

जाड खडबडीत टायर आणि पुढे सस्पेन्शन असलेली सायकल शहरात जड पडते. प्रत्येक पेडलमागे थोडी ताकद त्या स्प्रिंगमध्येच जिरते. अगदी बारीक टायरची रेसिंग सायकल ड्रेनेजच्या जाळीत अडकते. मधल्या जाडीचे, गुळगुळीत टायर घ्या. पुण्याला सहा-सात गिअर पुरतात. माझी सायकल लेडीज आहे, खालच्या दांडीची. मी साडी नेसूनही चालवते, कारण चेनला पूर्ण कव्हर आहे आणि मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी जाळी बसवून घेतली आहे. पंजाबी ड्रेस घालत असाल तरी ही जाळी बसवाच. ओढणी मागे सोडून सायकल चालवू नका. ती कमरेला बांधा किंवा पिशवीत ठेवा.

सीटची उंची हा सगळ्यात दुर्लक्षित मुद्दा. सीटवर बसून टाच पेडलवर ठेवा, पेडल खालच्या टोकाला असताना पाय जवळजवळ सरळ झाला पाहिजे. दोन्ही पाय सीटवरून जमिनीला सपाट टेकतात इतकी खाली सीट ठेवली तर गुडघे दुखतात आणि लोक म्हणतात, आता वय झालं. पान्याचे दोन आटे सैल करून सीट बोटभर वर घ्या, आठवडा जाऊ द्या, पुन्हा बोटभर वर घ्या.

पुढे पांढरा दिवा, मागे लाल दिवा. आमच्या वडिलांच्या पिढीत सायकलला पालिकेचा बिल्ला लागायचा, आणि रात्री दिवा नसला किंवा डबलसीट दिसलं की पोलीस दंड करायचे. १९७२ साली चेतक स्कूटर आली, ती आकुर्डीतच बनत होती, आणि पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत या सायकलींच्या शहराने सायकली माळ्यावर टाकल्या. बिल्ला गेला, तपासणी गेली. आज दिवा लावा असं कोणी सांगणार नाही. स्वतःहून लावा, संध्याकाळी सहालाच लावा, आणि हॅण्डलच्या पिशवीने तो झाकला जात नाही ना, हे बघा.

दळणाचा डबा

सायकलवर सामान नेता येत नाही असं म्हणणाऱ्यांना मी दळणाचं सांगते. दहा किलो गहू, स्टीलचा उभा डबा, गिरणी दीड किलोमीटरवर.

जुनी पंक्चर झालेली ट्यूब फेकू नका. व्हॉल्वचा भाग कापून टाका, उरलेली ट्यूब लांबीत दोन पट्ट्यांत चिरा. यासारखी दोरी बाजारात मिळत नाही. सायकल स्टॅण्डवर भिंतीला लावून उभी करा. डबा कॅरिअरवर सीटला टेकवून ठेवा. मागे सरकवून ठेवलात तर बसल्यावर पुढचं चाक हलकं होतं आणि हॅण्डल लडबडतं. पट्टीचं एक टोक कॅरिअरच्या खालच्या सळीला गाठ मारून बांधा, पट्टी जोरात ताणत डब्याच्या झाकणावरून पलीकडे न्या, सळीखालून घ्या आणि पहिल्या फेऱ्याला छेद देत परत आणा. झाकणावर फुली दिसली पाहिजे. शेवटची गाठ मारू नका, टोक ताणलेल्या पट्टीखाली खुपसा. रबर रबराला धरून ठेवतं. डबा हाताने हलवून पाहा. डब्याबरोबर सायकल हलली तर बांधणी बरोबर. आता चढताना पाय मागून टाकता येणार नाही, पुढून चढावं लागेल. इथे खालच्या दांडीची सायकल पुन्हा उपयोगी पडते.

भाजीला कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना लटकणाऱ्या कॅनव्हासच्या पिशव्या बऱ्या. मी बॅगा शिवणाऱ्याकडून माप देऊन शिवून घेतल्या. दोन्हीकडे वजन सारखं ठेवा: एका बाजूला कांदे-बटाटे, दुसऱ्या बाजूला कलिंगड. पालेभाजी वर. हॅण्डलला पिशवी अडकवणं टाळा, ती पुढच्या चाकात जाते. पाठीवर सॅक घेतली की पाठ भिजते, म्हणून वजन सायकलला वाहू द्या.

रस्त्यावर चालवताना

डावीकडे अगदी कडेला चिकटून चालवू नका. कडेला वाळू, काचा, ड्रेनेजची झाकणं आणि उघडणारी गाड्यांची दारं असतात. कडेपासून हातभर आत, सरळ रेषेत चालवा. मागच्या माणसाला तुमची रेषा समजली की तो वळसा घेतो. तुम्ही आत-बाहेर करू लागलात की तो गोंधळतो. उभ्या गाड्यांच्या रांगेजवळून जाताना दार उघडलं तरी लागणार नाही इतकं अंतर ठेवा.

सिग्नलला बसच्या डाव्या अंगाला कधीही थांबू नका. तिथे तुम्ही ड्रायव्हरला दिसत नाही, आणि बस डावीकडे वळली तर तुम्हाला जायला जागाच उरत नाही. एक तर बसच्या पुढे, ड्रायव्हरला दिसाल असं थांबा, नाहीतर निमूट तिच्या मागे.

मोठ्या चौकात उजवीकडे वळायचं तर रस्त्याच्या मध्यावर जायची गरज नाही. सरळ पलीकडे जा, डाव्या कोपऱ्यावर थांबा, सायकल वळवून उभी करा आणि त्या बाजूचा सिग्नल सुटला की निघा. विद्यापीठ चौक, स्वारगेट, नळ स्टॉप, कुठेही हेच करा. मुलीला सायकल घेऊन दिली तेव्हा ही एकच गोष्ट मी तिच्याकडून पुन्हा पुन्हा करून घेतली.

सायकल मार्ग पुण्यात आहेत. २००६ साली बीआरटीबरोबर, म्हणजे बससाठी राखीव मार्गिकांबरोबर, सातारा रस्त्याला आणि सोलापूर रस्त्याला झाले, २०१७ च्या डिसेंबरात शहराचा सायकल आराखडाही मंजूर झाला. जंगली महाराज रस्त्याच्या नव्या रचनेत रुंद पदपथ आणि सायकलींना जागा आली. जिथे मार्ग सलग आहे तिथे जरूर वापरा. पण दर शंभर पावलांवर तो हातगाडीने, लावलेल्या दुचाकीने किंवा उंच कट्ट्याने तुटत असेल तर रस्त्यावरून चालवणं जास्त सुरक्षित, कारण मार्गावरून अचानक रस्त्यावर उतरणारी सायकल कोणाच्याच लक्षात येत नाही.

घंटी मोठ्या आवाजाची घ्या आणि मोकळ्या हाताने वाजवा. हेल्मेट घाला. कानात गाणी नकोत. मागून येणारी गाडी सायकलवाल्याला आधी ऐकू येते, मग दिसते.

पंक्चर

हे घरी शिकून घ्या. पंक्चरवाले कमी झाले आहेत आणि जे आहेत त्यांच्याकडे मोटारसायकलींची रांग असते. सामान थोडं लागतं: प्लॅस्टिकचे दोन टायर लिव्हर, सोल्युशनची ट्यूब, पॅच, पॉलिश पेपरचा तुकडा, छोटा पंप.

चाक काढायची गरज नसते. हवा पूर्ण सोडा, टायरची कडा रिमच्या खोलगट मध्यात दाबत आणा म्हणजे ती सैल पडते, मग लिव्हरने एक बाजू बाहेर काढा आणि ट्यूब ओढून घ्या. थोडी हवा भरून ट्यूब बादलीत बुडवा. बुडबुडे येतील तिथे बॉलपेनने मोठा गोल करा. छोटी खूण पुढे घासताना पुसली जाते. ट्यूब कोरडी करा, पॉलिश पेपरने पॅचपेक्षा जास्त भाग खरखरीत करा, सोल्युशनचा पातळ थर लावा आणि थांबा. सगळ्यात जास्त पंक्चर इथे बिघडतात, कारण लोक ओल्या सोल्युशनवरच पॅच दाबतात. बोट लावल्यावर ते चिकट लागलं पाहिजे, बोटाला आलं नाही पाहिजे. मग पॅच ठेवून मधून कडेकडे जोर लावून दाबा.

ट्यूब परत घालण्याआधी टायरच्या आतून बोट हळूच गोल फिरवा. बाभळीचा काटा किंवा तारेचा बारीक तुकडा अजून तिथेच रुतलेला असतो. तो काढला नाही तर कोपऱ्यावर पोचेपर्यंत पुन्हा पंक्चर. नंतर टायर शक्यतो हातानेच आत बसवा, लिव्हरने चढवताना ट्यूब चिमटते.

हवा आठवड्याला तपासा. किती भरायची ते टायरच्या बाजूला लिहिलेलं असतं. पुष्कळ नव्या सायकलींचा व्हॉल्व मोटारीसारखाच असतो, त्यामुळे पेट्रोल पंपावरही हवा भरता येते, पण सायकलच्या ट्यूबमध्ये जागा इतकी थोडी की भसकन भरून फुटू शकते. थांबत-थांबत भरायला सांगा. जुन्या पद्धतीचा, आत बारीक रबरी नळी असलेला व्हॉल्व असेल तर ती नळीच सडते आणि लोक पंक्चर शोधत बसतात. आधी ती बदला.

पाऊस

पुण्याचा पाऊस मुंबईसारखा नाही. जून ते सप्टेंबर मिळून साधारण साडेपाचशे-सहाशे मिलिमीटर, त्यातला बराचसा भुरभुर. सायकल बंद ठेवावी लागते ते दिवस थोडे असतात. लांब रेनकोट पेडलमध्ये अडकतो. जाकीट आणि पॅण्ट असा दोन तुकड्यांचा घ्या. पायात चप्पल घसरते, मागे पट्टा असलेली सँडल घाला. ऑफिसात एक कोरडा जोड आणि पंचा कायमचा ठेवा.

रिम ओली झाली की ब्रेक उशिरा लागतो. थांबायच्या बऱ्याच आधी ब्रेक हलका दाबून धरा, रिमवरचं पाणी पुसलं जातं, मग जोर लावा. झेब्राचे पांढरे पट्टे, लोखंडी झाकणं आणि गुलमोहराचा सडा, तिन्ही ओले असताना निसरडे असतात. त्यांच्यावर वळू नका, ब्रेक मारू नका. साचलेल्या पाण्यात सायकल घालू नका, खाली काय आहे ते दिसत नाही. घरी आल्यावर चेन फडक्याने पुसा आणि तेलाचा एकेक थेंब दुव्यांवर सोडा. शिवणयंत्राचं तेल पातळ असतं, एका पावसात धुऊन जातं. सायकलच्या चेनचं म्हणून मिळतं तेच वापरा.

मेट्रो आणि बाकीचं

नवऱ्याचं वेळापत्रक मेट्रोने बदललं. वनाज ते गरवारे कॉलेज आणि पिंपरी ते फुगेवाडी हे पहिले टप्पे ६ मार्च २०२२ रोजी सुरू झाले, पण तेव्हा दोन्ही तुकडे एकमेकांना जोडलेले नव्हते. १ ऑगस्ट २०२३ पासून सिव्हिल कोर्टाला बदलून पिंपरीला जाता येऊ लागलं, आणि २९ सप्टेंबर २०२४ पासून मंडई आणि स्वारगेटही जोडलं गेलं. आता तो आयडियल कॉलनी स्टेशनपर्यंत सायकलने जातो, सायकल लावतो, सिव्हिल कोर्टाला गाडी बदलतो. तिकडे उतरल्यावर पायी.

मेट्रोत सायकल डब्यात नेता येते. नेहमी लिफ्टने चढवा, शेवटच्या डब्यात शिरा, आणि सकाळी नऊ ते अकरा आणि संध्याकाळी पाच ते आठ नेऊ नका, इतरांना उभं राहायला जागा उरत नाही. रोज दोन्ही टोकांना सायकल लागत असेल तर सरळ दुसरी जुनी सायकल घेऊन पलीकडच्या स्टेशनवर ठेवा. भंगारात जाणारी सायकल हजार-दोन हजारांत मिळते, दुरुस्तीला तेवढेच.

आषाढी वारीच्या पालख्या पुण्यात येतात तेव्हा आणि गणपतीच्या दहा दिवसांत पेठांमधले रस्ते बंद होतात. त्या काळात सायकल झेड पुलाअलीकडे लावा आणि पुढे चालत जा. गर्दीत सायकल हातात घेऊनही जाऊ नये, तिचं पेडल दुसऱ्यांच्या पोटऱ्यांना लागतं.

बाहेरगावी आम्ही एसटीने जातो. माहेर वाईला, त्यामुळे स्वारगेट. मावळात कुठे जायचं तर लोणावळा लोकल.

सासूबाईंची फेरी

गाडीचा विषय निघाला की पहिला मुद्दा हाच येतो, "घरात म्हातारं माणूस आहे, रात्री-बेरात्री काय कराल?" तयारी करून ठेवली तर उत्तर आहे. आमच्या कोपऱ्यावरच्या रिक्षा स्टॅण्डवरचे दोघे जण ओळखीचे आहेत, त्यांचे नंबर फ्रीजवर मोठ्या अक्षरांत लावले आहेत. सासूबाई त्यांना नावाने हाक मारतात. गुडघ्याच्या डॉक्टरांकडे जायच्या दिवशी त्यांना आदल्या संध्याकाळी सांगून ठेवते, मीटरने पैसे देते आणि थांबायला लावलं तर वेगळे देते. १०८ नंबरची रुग्णवाहिका सरकारी आहे, फुकट येते, हे घरातल्या सगळ्यांना पाठ हवं. छातीत दुखणाऱ्या माणसाला घरच्या गाडीच्या मागच्या सीटवर कोंबून नेण्यापेक्षा ती कधीही बरी.

सासूबाईंचं रोजचं बाहेर जाणं मात्र देऊळ, बाग आणि भाजीवाली एवढंच, आणि ते सगळं पायी आहे. घर घेताना किंवा भाड्याने बघताना हे आधी बघा. बारा मिनिटांच्या चालण्यात दवाखाना, वाणी, भाजी, शाळा आणि बस किंवा मेट्रो असेल तर दोन हजार रुपये भाडं जास्त द्या. हायवेपलीकडच्या स्वस्त, मोठ्या फ्लॅटमध्ये गेलात तर तिथे गाडीवाचून गत्यंतर नसतं.

सायकल ठेवायची कुठे

कुलूप दोन हवेत. एक जाड यू आकाराचं, फ्रेम आणि मागचं चाक मिळून खांबाला. दुसरं चेनचं, पुढच्या चाकाला. नुसतं चाक बांधून ठेवलेल्या सायकलीचं चाकच मागे राहतं. फ्रेमच्या खाली, पेडलच्या दांड्याजवळ नंबर कोरलेला असतो, त्याचा आणि बिलाचा फोटो काढून ठेवा. चोरी झाली तर पोलिसांत तोच विचारतात.

एका मॉलच्या दाराशी मला वॉचमनने "सायकल आत चालत नाही" असं सांगितलं होतं. अशा वेळी त्याच्याशी वाद घालून उपयोग नाही, त्याला वरून सांगितलेलं असतं. मी आत जाऊन मॅनेजरला भेटले, दुचाकीचं पार्किंगचं शुल्क भरायची तयारी दाखवली आणि दुचाकींच्या रांगेत जागा मिळाली. शुल्क भरणाऱ्याला नाही म्हणणं अवघड जातं.

सोसायटीत मात्र हे काम एकदाच करून टाका. तळमजल्यावर छताखाली, पाऊस न लागणाऱ्या जागी लोखंडी पाइपचा स्टॅण्ड हवा. एका चारचाकीच्या जागेत आठ-दहा सायकली बसतात. पायऱ्यांच्या कडेने वीतभर रुंदीचा सिमेंटचा उतार करून घेतला की सायकल उचलावी लागत नाही, आणि व्हीलचेअरसाठी जरा रुंद करा म्हटलं की ज्येष्ठ सभासदही बाजूने येतात. सहकारी सोसायटीची वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत व्हावी लागते. ऑगस्टमध्येच सेक्रेटरींना लेखी अर्ज द्या, सोबत वेल्डरचं कोटेशन आणि सायकल असलेल्या घरांच्या सह्या जोडा, आणि विषय सभेच्या नोटिशीत छापून आला की नाही ते बघा. ऐन वेळच्या विषयांत तो टाकला तर पाण्याच्या टँकरवर बोलण्यातच सभा संपते.